गळ

हेंटीज बेच्या उत्तरेला, जिथे गावांना नावं नाहीत,
नुसत्या मैलांच्या पाट्या आहेत,
धुक्यात गाडी उभी केली.
पाठीशी वाळवंट. समोर फक्त आवाज.

डोरोथेआ गवासेस, वय एकाहत्तर,
खाणीच्या वसाहतीतली माझी शेजारीण,
छातीपर्यंतची रबरी विजार चढवत म्हणाली,
“गॉटहार्ट, तीस वर्षं डोंगर फोडलास.
आता जे आपलं आपण फुटतं
त्याच्यासमोर जरा उभा राहा.”

आधी पायांचं काम.
ओल्या वाळूत टाचा घोळवत रुतायचं,
तळव्याला शिंपला टोचेपर्यंत.
मी चार काढले. तिने वीस,
नातीच्या सासूविषयी बोलता बोलता.
मग अर्धं सार्डिन गळावर ठेवून
रबरी दोऱ्याने गुंडाळायचं,
ठेचलेल्या बोटाला चिंधी बांधतात तसं.
“गच्च बांध. याला फुकट जेवायची सवय आहे.”

“दिसतोय का तो काळपट पट्टा?”
मला दिसत होतं पांढरं, करडं, पांढरं.
“तिथे खोल आहे. मासा तिथूनच जातो,
तू बसस्टॉपला जातोस तसा.”

पहिल्या फेकीत अंगठा उशिरा सुटला.
बंदुकीसारखा बार झाला,
शिसं एकटंच अटलांटिकमध्ये गेलं
आणि दोरी माझ्या मानेभोवती.
दुसऱ्या वेळी शिसं मागे, वाळवंटात.
“तिथेही पूर्वी पाणी होतं म्हणतात,”
डोरोथेआ म्हणाली, आणि गंभीरच राहिली.
तिसऱ्या वेळी रिळावर घरटं झालं,
ते सोडवायला अर्धा तास,
तेवढ्यात कोल्ह्याने पिशवीतली तीन सार्डिन नेली,
घाई न करता, एकेक करून.

चौथी फेक कशीबशी पट्ट्याच्या अलीकडे.
“बोट ठेव दोरीवर. बघू नकोस. बोटाने ऐक.”

मग नुसतं उभं राहणं.
मांड्यांपर्यंत थंडी, धुक्यात कडा नसलेला सूर्य,
आणि मनात नको ते.
हिल्मा बॅग भरत होती तेव्हा
मी दारातून बाजूला सरकलो होतो,
बॅग अडकू नये म्हणून.
मुलगा जहाजावर गेला, मी हात हलवला,
खाणीच्या फाटकावर ट्रकला हलवतो तसा.
कोणाला गळ घालणं मला कधी जमलं नाही.
आणि आज पहाटेपासून चार वेळा घातली,
तीही पाण्याला,
सार्डिन बांधून.

ठक.
लाट नव्हे. लाट ओढते, ठोठावत नाही.
ठक ठक.
“आता!” ती ओरडली, मी मागे चालत सुटलो,
पडलो, उठलो, रीळ उलटं फिरवलं, मग सुलटं,
आणि फेसातून तो आला,
चंदेरी, पाठीवर तांबूस झाक,
छोटा कॉब.

वाळूवर ठेवला तर त्याने आवाज केला,
खुर्चीतून उठताना म्हातारे करतात तसा.
“बोलतो हा?”
“तक्रार करतो. ऐकून घे.”
तिने पट्टी लावली. तीन बोटं कमी भरला.
गुडघाभर पाण्यात लाटांकडे तोंड करून
मी त्याला दोन्ही हातांत धरून राहिलो,
कल्ले उघडत, मिटत,
मग एकदम माझ्या हातांत काहीच नव्हतं.

दुपारी धुकं उठलं.
तिच्या बादलीत तीन मासे, माझ्या बादलीत पाणी.
ती टेलगेटवर बसून खवले काढत होती,
जरा जास्तच वेळ,
वर न बघता.

“डोरोथेआ,” मी म्हणालो, “एक देशील मला?”

“काय?” तिने कानामागे हात नेला,
हाताला खवले चिकटलेले.
“लाट आली मध्येच. काय म्हणालास?”

मी पुन्हा म्हणालो.