उजवी पेटी चार बोटं खाली

जोंगा देवळालीच्या लिलावात घेतला तेव्हा
मागच्या सीटखाली एक बूट निघाला,
डाव्या पायाचा, नाडीसकट.
अकरा वर्षं झाली. मी त्यात पाणी वाहते,
म्हणजे नमुने:
हरसूल-ठाणापाड्याकडच्या डोंगरांतले झरे,
अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटल्यांत.

बाटल्या फुटतात. रस्ता आहे तसा आहे.
एप्रिलात एका दिवसात नऊ फुटल्या.
यादव भोये, जो माझ्यासोबत कड्याखाली उतरतो,
काचा वेचता वेचता म्हणाला,
मॅडम, आपण झरे तपासत नाही,
सीट शिंपतो.

म्हणून अंबड लिंक रोड.
भंगाराच्या रांगेत, आडव्या पडलेल्या टँकरच्या सावलीत
इस्माईल मणियारचं वेल्डिंग.
मी आकृती काढून नेली होती:
दोन्ही बाजूंना एकेक पेटी, झाकण बाहेर उघडणारं,
सगळी मापं मिलिमीटरमध्ये.
त्यानं कागद नीट वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.
म्हणाला, हात पुढे करा ताई.
कोपरापासून बोटांपर्यंत टेप धरला.
पेटी एवढी खोल. याच्या पलीकडं गेलेलं
तुम्हाला अंधारात सापडणार नाही.
मग म्हणाला, आता दुसरा. वर करा.
उजवा खांद्याच्या वर जात नाही माझा,
दोन वर्षं झाली.
घरी कुणाला बोलले नव्हते.
त्यानं पत्र्यावर खडूची रेघ मारली,
पुसली,
चार बोटं खाली पुन्हा मारली.

भोक पाडायच्या आधी रंग घासला.
पांढरा गेला, तो माझा.
खाली पिवळा, कुणा ठेकेदाराचा,
मग तांबडा प्रायमर,
मग तो हिरवा, आणि हिरव्यात
वर तोंड केलेला बाण, शेजारी अर्धा आकडा.
ब्रह्मगिरीच्या कड्यात लाव्ह्याचे थर
मी पोरांना बोटांवर मोजून दाखवते.
इथं नखाएवढ्या जाडीत चार.
ड्रिल लागला तेव्हा मी तोंड फिरवलं,
इंजेक्शनच्या वेळी फिरवतात तसं.
तो आवाजावरून ओरडला,
वजन चासीवर घेतोय! पत्रा दमलाय,
त्याला फक्त टेकू दे!

झाकणाला रबर हवं होतं, धूळ शिरू नये म्हणून.
दुकानातलं त्याला पटेना.
दुसऱ्या दिवशी त्यानं कुकरची दोन गॅस्केटं आणली, कापली, चिकटवली.
आज आमच्याकडं डाळ शिजणार नाही, एवढंच बोलला.
बाहेरून हिरवा मारला, जुन्याला जवळ जाणारा.
आतून आकाशी.
आत कोण बघतंय, मी विचारलं.
त्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
उत्तर दिलं नाही.

डावीकडं बाटल्या: नमद्यात चोवीस भोकं.
उजवीकडं दोर, स्टोव्ह, टॉर्च, यादवची भाकरी.
आंबोली घाटात गाडी नेहमीसारखी आदळत होती
आणि मागून काहीच वाजत नव्हतं.
अकरा वर्षं काच बोलत आलेली.
मी तीनदा थांबले, झाकण उघडून पाहिलं.
चौथ्यांदा यादव म्हणाला,
आता तुम्ही बसा, मी चालवतो.

चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला
जोंग्याभोवती फिरून आला.
फसवलं तुम्हाला. ही पेटी खाली बसलीय.
माझा उजवा हात तेव्हा आत होता,
काडेपेटी शोधत. लगेच लागली.
असू दे, म्हटलं.

तेवीस बाटल्या भरल्या.
शेवटच्या झऱ्याशी दगडावर फक्त ओल होती,
बोट लावलं तर बोट ओलं व्हावं, एवढी.
यादव बराच वेळ तिथं उकिडवा बसला.
येताना त्यानं चोविसाव्या भोकात
पानाच्या द्रोणात करवंदं ठेवली.
नाशकात पोचेपर्यंत द्रोण फुटला होता.
आकाशी रंगावर जांभळा ओघळ,
अजून आहे. घासून पाहिला नाही.