कोन्सुएग्रा

मुलगा म्हणाला, फोन करतो की भाषांतर,
तू कशाला एवढी दगदग करतेस?
पण विहिणीशी बोलायचं तर मध्ये फोन नको.
रुसवेफुगवे भाषांतरात कोमट होतात.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी
ग्वातेमालाच्या या उंच, गार डोंगरात
एका मातीच्या शाळेत उतरले आहे.
औषधांचं दुकान भावजयीच्या ताब्यात,
गुडघ्याचा पट्टा बॅगेत.

इथे पाणी पावसाचं, मोजून.
दिवा उन्हाचा. दिवसा ढग आले
की रात्री आठलाच भूतकाळ थांबतो
असेल तिथे, अर्ध्या प्रत्ययावर.
संडासात पाणी नाही, राख टाकायची, दोन मुठी,
आणि झाकण लावायचं.
पहिल्या दिवशी कसंसंच झालं.
चौथ्या दिवशी कोबीच्या वाफ्यांकडे बघून
काय ते उमगलं,
आणि कोबी दोनदा वाढून घेतला.

शिक्षिका बेनान्सिया, माझ्या निम्म्या वयाची,
अंगात लाल विणीचा हुइपिल,
मांडीवर परात.
घेवडा सोलता सोलता क्रियापदं सोलते.
म्हणाली, 'असणे' दोन आहेत आमच्याकडे,
एक कायमचं, एक सध्याचं.
मी विचारलं, मी विधवा आहे, याला कुठलं?
शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली.
दोन्ही चालतात, म्हणाली. तुम्ही ठरवा.
त्या दिवशी गृहपाठ झाला नाही.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक बाटली भरायची, असा नियम.
प्लास्टिक काठीने ठासून ठासून
बाटलीची वीट करायची.
स्वयंपाकघराची भिंत अशीच चढते आहे.
तीस वर्षं बाटल्यांवर लेबलं लावली मी,
आता एकीत कोंबते आहे
रक्तदाबाच्या गोळ्यांची वेष्टनं,
लसणाच्या चटणीची पिशवी, जिचा वास अजून जात नाही,
सूनबाईने दिलेल्या साबणाचा कागद.
बेनान्सियाचा धाकटा बाटली कानाशी धरून दाबतो.
"अजून बोलतेय," म्हणतो. आत हवा आहे.

मग एकदा 'नोसोत्रोस' आलं.
मी अडले: हे आपण, की आम्ही?
ऐकणाऱ्याला धरून, की वगळून?
बेनान्सियाने परात खाली ठेवली.
स्पॅनिशला तो फरक कळत नाही, म्हणाली,
आमच्या माम भाषेला कळतो.
शेवटी बारीकसा 'या' लावला
की ऐकणारा दाराबाहेर.
तिच्या आईने शाळेत तो 'या' उच्चारला
तर तळहातावर छडी बसायची.
मी माझा तळहात बघितला, उगाच.
त्यानंतर आम्ही दोघी तासभर बसलो,
स्पॅनिशला दाराबाहेर ठेवून,
सगळं बोलणं स्पॅनिशमध्येच.

एक मात्र खरं, विहिणीला शब्द आहे त्यांच्यात.
कोन्सुएग्रा.
इंग्रजीत खूप शोधला होता, सापडला नव्हता.
सासूच्या मागे नुसतं 'सोबत' लावलं आहे,
सोबतीण-सासू.
चुलीपुढे तो शब्द घोळवत बसते.
काळ्या मक्याची तोर्तिया तव्यावर फुगते,
माझी फुगत नाही,
भाकरी येणारा हातही इथे बिगरीत.

रविवारी कडक ऊन पडलं, फोन लागला.
पाठ केलेलं वाक्य न अडखळता म्हटलं:
कोन्सुएग्रा, आपली नात कुणावर गेली आहे?
पलीकडून धबधबा.
त्यातलं मला नाक कळलं,
मंगळवार कळला,
आणि देव.
मी म्हणाले, सी.
थोडं थांबून परत, सी, सी.
ती हसली की रडली, तेवढ्यात आवाज तुटला.

कशाला होकार दिला
ते कळायला अजून दोन आठवड्यांचे धडे आहेत.
बाटली अर्धीच भरली आहे.