तिसरं पद

दहावी ‘ब’च्या फळ्यावर भिरूड सरांनी
एक लिहिला, दोन लिहिला,
आणि खडू आमच्याकडे रोखला. पुढे?
तीन! अख्खा वर्ग ओरडला.
चार काहून नाही? सर म्हणाले,
आणि पंख्याखाली जरा वेळ कुणीच बोललं नाही.
बाहेर केळीची मालगाडी रावेरकडे रेंगाळत होती.
डबे मोजता मोजता माझा तास संपला.

रोज खडू मोडायची त्यांना खोड.
अर्धा ठेवायचे, मग अर्ध्याचा अर्धा.
वहीत हे कधी संपत नाही, म्हणायचे.
हातात मात्र पाचव्या-सहाव्या खेपेला
अंगठ्यावर नुसती पांढरी पूड.
ती ते पँटला पुसायचे.

मी आता सावद्याबाहेरच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, रात्रपाळीला.
बाहेर मे महिना, अकरा वाजलेत तरी भिंतीला हात लावत नाही.
आत पंचवीस अंश, अंगात स्वेटर.
स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, निवू द्यायची,
बरणीतल्या कोंबाचे तीन तुकडे,
तीन बरण्या, जेलीत उभे,
झाकण, तारीख, माझी सही: हे. फिरके.
चार आठवड्यांनी प्रत्येकाचे परत तीन.
एक, तीन, नऊ, सत्तावीस.
पुस्तकात सामाईक गुणोत्तर म्हणजे एक तिरकं अक्षर होतं,
कुणाचंच नसलेलं.
इथे ते माझ्या मनगटात दुखतं.

सुरुवात झाली ते झाड
निंभोऱ्याच्या बोरोल्यांच्या मळ्यातलं.
घड उतरला, झाड कापलं, ढोरांनी खाल्लं.
त्याची साडेसहा हजार लेकरं
ट्यूबलाइटखाली मांडणीवर उभी आहेत.
यातलं पहिलं कुठलं,
रजिस्टरही सांगू शकत नाही.

आठव्या फेरीनंतर थांबायचं, असा नियम.
सूत्राला तो ठाऊक नाही.
घात वीस करा: तीनशे अठ्ठेचाळीस कोटी,
लावायला निम्मा-अधिक जिल्हा लागेल, गावांसकट.
पण झाड तोवर विसरायला लागतं
पान कसं करायचं असतं ते.

एक तर सातव्या फेरीतच विसरलं.
कोवळ्या पानावर पांढरा पट्टा,
कुणी खडूचा अंगठा पुसावा तसा.
फेकून दे व माय, कोकिळाताई म्हणाली,
गिऱ्हाइकाला हे चालत नाही.
मी ते डब्याच्या झाकणात घातलं,
ओल्या कापसात,
आणि घरामागे मोरीच्या पाण्यावर लावलं.
कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

वर्षभरात खांद्याला लागलं.
घड धरेल की नाही, देव जाणे.
काल पहाटे ड्यूटीवरून आले
तर बुंध्याशी एक मुनवा, बोटाएवढा.
पट्टा आहे का, अजून दिसत नाही.

एक. दोन.
बादली खाली ठेवून मी उभी राहिले,
या वेळी
न ओरडता.