दोन पेले पाणी

डॉक्टरांनी हिशेब मांडून दिला:
दिवसाला दोन पेले. सूपातलं धरून.
मला हसू आलं. चिलोए बेटावर जन्मलेली बाई मी.
इथे पाणी खालून येतं, वरून येतं, आडवंही येतं,
घराच्या लाकडी खवल्यांतून आत डोकावतं,
आणि मला मोजून दोन पेले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पहाटेची फेरीबोट, मग बस, मग कास्त्रोतली ती खुर्ची.
चार तास माझं रक्त बाहेर फिरून येतं
धुतलेल्या लोकरीसारखं, थोडं आटून.
डाव्या हातात शिरेला शीर शिवून ठेवलीय.
त्या हाताने बादली उचलायची नाही.
तो हात अखंड गुणगुणतो;
रात्री कानाशी नेला की वाटतं
मधमाश्यांचं पोळं उशाला घेऊन झोपलेय.

देवाशी मी बोलणं टाकलं होतं.
भांडण नव्हे. भांडायला तरी समोर कोणी लागतं.
आमच्या वस्तीतलं चर्च लाकडाच्या खुंट्यांवर उभं,
आजोबा सांगायचे, एकही लोखंडी खिळा नाही.
मी मागच्या बाकावर बसून
दंडावरची सुयांची भोकं मोजायचे.
मग जाणंच सोडलं.

कॅमेरा भाच्याचा.
सॅमनच्या कारखान्यातली नोकरी सुटली,
उत्तरेला खाणीत निघाला, तेव्हा टेबलावर ठेवून गेला.
म्हणाला, "मावशी, हा उजव्या हाताने चालतो."

पहिले पन्नास फोटो माझ्या अंगठ्याचे.
मग एकदा धक्क्यावर, बोटीला उशीर,
नाल्काच्या छत्रीएवढ्या पानावर
एक थेंब बसलेला.
तहानलेल्या माणसाला थेंब कसा दिसतो
ते तहानेशिवाय कळायचं नाही.
त्यात अख्खा धक्का उलटा टांगलेला:
बोट, लंगडा कुत्रा, शिंपल्यांची पाटी घेतलेली रेमिखिया,
आणि कडेला मी.
सगळ्यांची डोकी खाली,
आणि कोणीही पडत नव्हतं.

बटण दाबलं.
जीभ कोरडीच होती,
पण घशातून काहीतरी खाली उतरलं.

तेव्हापासून पाणीच टिपते.
काळ्या मानेच्या हंसाच्या पाठीवरून निसटणारं,
ओहोटीने खडकाच्या बेचक्यात विसरलेलं,
कोळ्याने जाळ्यावर रात्रभर जमवलेलं
(तो तरी कुठे पितो सगळं).

शेजारच्या खुर्चीत डॉन अर्सेनियो.
पाय गेलेले, बोलणं शाबूत.
म्हणाले, "माझा बटाटा फुलला असेल. काढून आण."
रविवारी दोन बोटी बदलून गेले.
जांभळी फुलं, त्यांवर दव, मागे निळं आखात.
त्यांनी कॅमेरा नाकाला टेकवून पाहिला.
बराच वेळ.
"हे शेत माझं नाही. बारियाचं आहे.
माझं कुंपणापलीकडे."
नर्स येस्सेनिया हसता हसता सुई धरून थांबली.
"फुलं मात्र चांगली आहेत," ते म्हणाले,
आणि चार तास कॅमेरा परत दिला नाही.

आमच्याकडे मानतात,
चुकाओ पक्षी उजवीकडून ओरडला तर पुढे जावं,
डावीकडून ओरडला तर घरी फिरावं.
गेल्या बुधवारी तो डावीकडून ओरडला,
गुणगुणत्या हाताच्या बाजूने, अगदी जवळून.
मला फिरायची सोय नाही.
मशीन शकुन पाळत नाही.
मी उभी राहिले. मग जागच्या जागी वळले,
पाठ रस्त्याकडे, तोंड घराकडे.
आता तो उजवीकडे होता.
फोटो हलला. तांबडी छाती तेवढी आली,
वेळूच्या अंधारात विस्तवाएवढी.
तशीच, पाठमोरी, दहा पावलं धक्क्याकडे गेले.
रेमिखियाने क्रूस काढला अंगावर.

ह्याला श्रद्धा म्हणतात का,
पाद्रीबाबांना विचारलेलं नाही.
बोटीत बसले. थर्मासमधून आजचा पहिला पेला ओतला,
खिडकीच्या उजेडात धरला.
बेटं त्यात हळूहळू मागे जात होती.
"ग्रासियास," म्हटलं, मोठ्याने,
समोर कोणी आहे का ते न बघता.
मग प्यायले. सगळा. एका दमात.

दिवसाला आता एकच उरला.
उरू दे.