कालवं काढायची कोयती

वाघोटणच्या खाडीत ओहोटीआधी आमचं गलबत शिरलं,
मागे दोराला ते परकं जहाज, नाळ फुटलेलं.
दुपारी बाबल्या खवळे भट्टीपुढे पोतं टाकून म्हणाला,
"बघ रे धाकू, कामाचा असात ता ठेव.
ह्येंका निशाण नाय. चांचे ते."
"आमकांय तसाच म्हणतत मरे."
तो थुंकला आणि गेला.

ओतलं.
आठ कुऱ्हाडी, आखूड दांड्याच्या, पाठीमागे चोच.
चोच फळीत रुतवायची, पाय द्यायचा, वर चढायचं,
माडाच्या खाचांसारखं.
एक तलवार, मुठीला लोखंडी पिंजरा,
आत लाल कापडाचं अस्तर, मिठाने कडक झालेलं.
अशा पिंजऱ्यातून हात पटकन निघत नाही.
कसा काढला, बाबल्याने सांगितलं नाही.

तळाशी सुरी. हातभर लांब, एकधारी,
काळ्या लाकडात वेलीची गाठ कोरलेली मूठ.
पात्यावर पन्हळ, पण मुठीत शिरताना मध्येच खुंटलेली.
सुरीला अशी पन्हळ कोण पाडतो?
ही आधी तलवार होती. मोडली.
कुठल्या तरी थंड मुलखात कुणा लोहाराला
उरलेलं टाकवेना.

दाराशी बांधलेला होता त्यांच्यातला एक, तांबड्या दाढीचा.
नाव सांगे ईव्हर, गिर्येभर झाला ईश्वर.
मी पन्हळीवरून बोट फिरवलं, त्याच्याकडे बघितलं.
त्याने बांधलेले हात उचलून हवेत दोन घाव घातले,
मग हात डोक्याच्याही वर नेला:
कुणीतरी उंच माणूस.

कुऱ्हाडी मी धार लावून किल्ल्यात पाठवल्या.
पुढच्या वेळी आमची माणसं त्यांच्याच चोचीने चढतील.
पिंजरा वितळवला, त्याचे खिळे झाले.
सुरी राहिली.
वहिनीला कालवांसाठी कोयती हवी होती, कधीची.

ईश्वराचे हात सोडले, भात्यावर बसवला.
चांगला ओढायचा, दम न सोडता.
पण पातं लाल झालं तेव्हा तोंड समुद्राकडे केलं
आणि भाता थांबला नाही.

तिसऱ्यांदा आखूड झाली ती.
पन्हळ मी घासून काढली नाही.

आता ओहोटीला वहिनी कातळावर उकिडवी बसते,
कालवाच्या फटीत टोक घालते, मनगट वळवते.
पहिलं कालव तिने त्याच्या तळहातावर ठेवलं.
खाल्लं नाही त्याने लगेच.
शिंपलं नाकाशी धरून
किती तरी वेळ हुंगत राहिला.