रकाना अकरा

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली
कुणाचं तरी रद्द झालेलं शपथपत्र.

खेमीबाई येते मंगळवारी.
घोटकीची. जालन्यात तेरा वर्षं.
पापड लाटून अंगठा असा झिजलाय
की यंत्राला तो दिसतच नाही.
"जैनुमास्तर, मी हाय का नाही
तेवढं सांगा," म्हणते.
मराठी इथलीच, नळावरच्या भांडणांत शिकलेली.

परभणीला तिचा भाऊ गेला.
गाडीनं दोन तास.
परवानगी आली तेव्हा
बाराव्याच्या पत्रावळीसुद्धा उचलल्या होत्या.
सातोना गेलं की जिल्हा संपतो
आणि तिचा देश पण.

रकाना अकरा: देश का सोडला?

ती सांगत बसते:
दुकानाला लागलेली आग,
विकून टाकलेली गाभण म्हैस,
आणि शेजारीण सकीना, जिनं दोन रात्री
हिच्या पोरींना धान्याच्या कोठीत झाकलं.
"ते पण लिहा. तिचं नाव लिहा."
रकाना दीड इंचाचा.
मी लिहितो: भीती.
एवढंच मागतात. एवढंच मावतं.

पुढच्या रकान्यात धर्म.
तो मी न विचारता भरतो.
पेन तिथं थोडं अडतं, शाई जुनी आहे.

माझे आजोबा पोलिस ॲक्शनला
अंबडच्या ज्वारीत नऊ दिवस लपले,
दहाव्या दिवशी स्वतःच्याच घरी आले.
निर्वासित म्हणून त्यांची कुठं नोंद नाही.
नऊ दिवसांची कोण करतं?
फक्त पुढं आयुष्यभर
ते दाराकडं तोंड करून जेवले.

त्यांचा मुंतखब अम्मी जपते,
पत्र्याच्या पेटीत, माझ्या जन्मदाखल्याखाली.
रोज विचारते,
"हुए क्या उस बाई के कागदां?"

झाले परवा.
खेमीबाईनं पेढे आणले, टेबलालाही एक ठेवला.
म्हटलं, आता ती दाराजवळची पिशवी काढा खुंटीवरून.
ती हसली.
"राहू द्या की. तिला तरी कुठं ठाऊक?"

रात्री कराचीहून फुफीचा फोन.
ऐंशी वर्षांची, अंबडच्या विहिरीत पोहायला शिकलेली.
पायऱ्या अजून मोजून सांगते, एकोणीस.
"मेरा भी कुछ फारम निकलता क्या रे?"

बघतो, म्हटलं.
सगळे फॉर्म मला तोंडपाठ आहेत.
बघतो, म्हटलं.