गुंदार्ससाठी, तीन आठवड्यांपुरतं

किल्ली नेहमीच्या खिळ्यावर आहे.
माळ्यावर सात उशांचे अभ्रे टांगलेत,
उंदरांच्या भीतीनं, शिंक्यासारखे.
डावीकडचे तीन डँडेलियनचे,
मेच्या पहिल्या आठवड्यात तोडलेले, फुलं यायच्या आत.
मधल्या दोनांत वाटेवरचं ते रुंद, शिरांचं पान,
खरचटल्या गुडघ्यावर चुरगळून लावतात ते.
शेवटचे दोन खाजऱ्या नेटलचे. बिचकू नकोस,
वाळली की तिची नांगी मोडते.
माझ्या जावेचं मात्र तसं झालं नाही.

रोज एक मूठ.
माझी मूठ, म्हणजे तुझी अर्धी.
कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजव, पाणी ओतू नकोस,
त्यातच तोंड बुडवू दे त्याला.
आधी वास घे. गंजीचा आला तर ठीक.
तळघराचा आला तर अख्खा अभ्रा जाळ,
हळहळायचं नाही.

उन्हात का नाही वाळवत, विचारलं होतंस.
ऊन हिरवं पिऊन टाकतं,
मागे नुसता कागद राहतो.
सावलीत, जुन्या चादरीवर, पातळ पसरून,
दिवसातून दोनदा उलथायचं.
पहिल्या वर्षी मी वर्तमानपत्रावर पसरला होता पाला.
शाई उतरली पानांवर.
सार्जंटनं हुंगलं आणि मान आत घेतली.
बातम्याही तेव्हा तशाच होत्या.

थंडीत त्याला निजू देत नाही, कारण
एका हिवाळ्यानंतर तो उठेचना
आणि मी एप्रिलभर पेटीला कान लावून बसले.
ते पुन्हा नाही जमायचं मला.
दिवा सकाळी आठला लाव.

आपण कासवाला चिलखतातला बेडूक म्हणतो ना,
उल्डिस म्हणायचा, चिलखत दिसतंय, लढाई कुठाय?
ताश्कंदहून सुटून आला तेव्हा
ओव्हरकोटच्या एका खिशात हा,
दुसऱ्यात माझ्यासाठी जर्दाळू.
सुकवलेले.
वाळवलेलं लांबवर येतं, टिकतं,
एवढं मी मुलाकडून शिकले.

डॉक्टर तीन आठवडे म्हणतात. डॉक्टर तरुण आहेत.

अभ्रे मार्चअखेर पुरतील.
पुढे गाउया नदीची बाजू धर.
रस्त्याकडेचं काही नको,
दफनभूमीच्या भिंतीलगतचं तर नकोच, तिथे फवारतात.
खूप असतं तिथे, मोह होईल.
दव वाळल्यावर तोड.
चादर कपाटात, खालच्या फळीवर.
एका कोपऱ्याला भोक आहे,
तो कोपरा दुमडून घे.